‘रॅम वाढवा’ म्हणणाऱ्यांना

भूगोलाचा डेटाबेस मंदावला की बैठकीत कुणीतरी हमखास दोन शब्द उच्चारतं: रॅम वाढवा. मध्यंतरी अशाच एका बैठकीला मी होतो. नकाशा उघडायला वेळ लागतोय, तक्रारी येताहेत, साहेब वैतागलेत, असा सगळा नेहमीचा माहोल. सल्लागार म्हणून आलेले गृहस्थ फार शांतपणे बोलले. ट्यूनिंग वगैरे ही जुन्या पिढीची खोड आहे, म्हणाले. यंत्र स्वस्त झालंय, माणूस महागलाय. इंडेक्स लावलेला आहे, व्हॅक्यूम आपोआप होतो. एवढं असून मंद चालत असेल तर यंत्र अपुरं पडतंय, दुसरं काय! सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प राहिलो, कारण तेवढ्यात वडे आले आणि विषय संपला. माझ्या पोटात मात्र तो तसाच राहिला, म्हणून हा लेख.

आधी त्यांचं जे बरोबर आहे ते देऊन टाकतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या काही मूळ सेटिंग्जचं आता वय झालंय. रँडम पेज कॉस्ट नावाचा आकडा अजूनही ४ असतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर इकडून तिकडे उडी मारणं महाग होतं, त्या काळाचा तो हिशोब. आज एसएसडीवर तो १.१ च्या आसपास ठेवतात आणि तेवढ्यानंही क्वेरीची वाट ठरवणारा प्लॅनर इंडेक्सकडे वळतो. डेटा स्मृतीत धरून ठेवणारे शेअर्ड बफर्स मुळात १२८ एमबीच असतात. ६४ जीबीच्या यंत्रावर ते तसेच ठेवणं म्हणजे दहा खोल्यांचा वाडा घेऊन जिन्याखाली झोपणं. ही कामं एका दुपारची आहेत आणि क्लाउडवाले ती आपली आपण करूनही देतात. इथवर सल्लागारांशी माझं भांडण नाही. पुढचं प्रत्येक वाक्य मात्र मला मान्य नाही, कारण त्यामागे एक गृहीत दडलेलं आहे: भूगोलाचं टेबल हे पगारपत्रकासारखंच एक टेबल असतं, जास्त ओळी म्हणजे जास्त काम, आणि जास्त कामाला जास्त यंत्र.

महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. जिल्हासीमांच्या टेबलात ओळी किती? ३६. पगारपत्रकाच्या जगात ३६ ओळींचं टेबल मंद असणं हा विनोद झाला. पण त्यातल्या रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या ओळीत काय भरलेलं असतं ते बघा. प्रत्येक खाडीचं वळण, प्रत्येक खडकाळ टोक, भरती-ओहोटीची प्रत्येक खाच कुणीतरी निगुतीनं रेखलेली असते. सीमेचा एक बिंदू १६ बाइट खातो. एका जिल्ह्याच्या सीमेत एक लाख बिंदू असले तर ती एकच ओळ १६ लाख बाइटांची होते. पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं, आणि एक ओळ दोन पानांवर पसरू शकत नाही. म्हणून ती सीमा दोन-दोन केबीच्या तुकड्यांत मोडून बाजूच्या टोस्ट नावाच्या टेबलात ठेवली जाते. तुकडे आठशेच्या आसपास. दाबून लहान करण्याचा प्रयत्न होतो, पण लांबलचक दशांशांतले निर्देशांक फारसे दबत नाहीत.

आता प्लॅनरच्या जागी बसून पाहा. मुख्य टेबल दिसतंय एक-दोन पानांचं. तो म्हणतो, एवढ्याशासाठी इंडेक्स कशाला, सरळ वाचून टाकू. आणि मग ज्या ज्या जिल्ह्याभोवतीच्या आडव्या-उभ्या चौकटीत शोधायचा बिंदू पडतो, त्याची आख्खी सीमा आठशे तुकड्यांतून जुळवून आणायची आणि लाख बिंदूंशी ताडायची. दोन लाख विहिरी कोणत्या जिल्ह्यात पडतात एवढं विचारलं की हा उद्योग किती वेळा होईल त्याचा हिशोब तुम्हीच करा. अशा वेळी रॅम वाढवली तर डिस्कवरचं वाचन वाचतं, ताडून पाहणं जसंच्या तसं राहतं. औषध वेगळंच आहे. पोस्टग्रेसला भूगोल शिकवणाऱ्या पोस्टजीआयएसच्या २.२ या २०१५ सालच्या आवृत्तीपासून एसटी_सबडिव्हाइड नावाचं फंक्शन आहे. (या नावांआधीच्या ‘एसटी’चा लाल डब्याशी काही संबंध नाही, तरी पहिल्यांदा वाचताना प्रत्येक मराठी माणूस हसतो.) ते मोठ्या आकाराचे तुकडे करतं, वेगळं काही सांगितलं नाही तर एका तुकड्यात जास्तीत जास्त २५६ बिंदू. नकाशावर दाखवायला मूळ सीमा ठेवा, शोधायला तुकड्यांचं टेबल ठेवा. ओळी ३६ वरून काही हजारांवर जातात आणि क्वेरी वेगवान होते. ‘जास्त ओळी म्हणजे जास्त काम’ हे गणित इथंच उताणं पडतं.

‘इंडेक्स लावलेला आहे’ या वाक्याची तर मला धास्तीच वाटते. ‘हेल्मेट घेतलंय’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, डोक्यावर आहे की हँडलला? भूगोलाच्या इंडेक्सचा पाया अँटोनिन गटमन यांनी १९८४ मध्ये मांडलेलं आर-ट्री. पोस्टजीआयएस ते जिस्ट या यंत्रणेतून वापरतं. कल्पना साधी आहे: प्रत्येक आकाराभोवती एक आडवी-उभी चौकट आखायची आणि इंडेक्समध्ये आकाराऐवजी ती चौकट ठेवायची. आधी चौकटी जुळवून बहुतेक उमेदवार बाद करायचे, उरलेल्यांचीच खरी तपासणी करायची. म्हणजे इंडेक्सला आकार ठाऊकच नसतो. त्याला ठाऊक असतात चौकटी.

आता कोकण रेल्वे घ्या. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत जाणारी एकच तिरकी रेघ. हा मार्ग तुम्ही टेबलात एक ओळ म्हणून ठेवलात तर तिच्याभोवतीची चौकट केवढी होते? त्या चौकटीत कराड येतं, सातारा येतं, सांगली येते, बेळगाव येतं, कोल्हापूरही येतं. वैभववाडी-कोल्हापूर मार्गाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. इंडेक्सच्या लेखी कोकण रेल्वे कोल्हापुरात केव्हाच पोचली आहे. परिणाम असा, की रंकाळ्याकाठच्या मालमत्तांजवळून रेल्वे जाते का, असं विचारलं तर इंडेक्स म्हणतो, जात असेल बुवा, तपासून बघा. आणि मग प्रत्येक मालमत्तेसाठी रोहा ते ठोकूर आख्खी रेघ तपासली जाते. इंडेक्स लावलेला आहे, वापरलाही जातोय, आणि तरी त्याचा काडीचा उपयोग होत नाही. रेघ तुकड्यांत मोडली की चौकटी लहान होतात आणि कोल्हापूर पहिल्याच फेरीत बाद होतं. हे कळायला नकाशाकडे दोन मिनिटं बघावं लागतं. कोणतंही क्लाउड हे तुमच्या वतीनं बघत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे इंडेक्स असतो, पण क्वेरीच त्याला दारात अडवते. २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्यात शाळा-महाविद्यालयांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी आहे. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. समजा एखाद्या खात्याला शाळा आणि पानटपऱ्या यांची सांगड घालायची आहे. नवखा माणूस लिहितो: दोघांमधलं अंतर काढा, ते ९१.४४ पेक्षा कमी असेल तर दाखवा. वाक्य मराठीत निर्दोष आहे, पण डेटाबेसला ते असं ऐकू येतं: प्रत्येक शाळेपासून प्रत्येक टपरीचं अंतर मोज. दहा हजार शाळा आणि एक लाख टपऱ्या असतील तर १०० कोटी अंतरं. एसटी_डीविदिन वापरलं की आधी शाळेच्या चौकटीभोवती तेवढं अंतर वाढवून इंडेक्सला विचारलं जातं आणि मोजायला मूठभर टपऱ्या उरतात.

दुसरा कुणी शाळेभोवती एसटी_बफरनं वर्तुळ काढतो आणि टपरी त्यात पडते का ते बघतो. हे मंद तर आहेच, शिवाय चुकीचंही आहे. बफरचं वर्तुळ खरं वर्तुळ नसतं. मुळातली सेटिंग ठेवली तर तो ३२ बाजूंचा बहुभुज असतो, आणि त्याच्या बाजू खऱ्या वर्तुळाच्या आतून जातात. ९१.४४ मीटरच्या त्रिज्येला ही चूक काही ठिकाणी ४४ सेंटिमीटरपर्यंत जाते. टपरीवाल्याच्या वकिलाला तेवढी पुरे.

तिसऱ्याची गंमत मी कितीदा पाहिली असेल, सांगता येत नाही. फंक्शन बरोबर, पण डेटा ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या अंशांत. त्यात ९१.४४ हा आकडा दिला की ते मीटर नव्हे, अंश होतात. मग पुण्यातल्या शाळेच्या ‘हद्दीत’ लंडनमधली दुकानंही येतात. सिडनी थोडक्यात सुटतं. अर्थात टेबलात लंडन नसतंच, असतो आपला महाराष्ट्र, आणि तो सबंध जुळतो. प्रत्येक शाळेला प्रत्येक टपरी लागू पडते, क्वेरी तासन्‌तास चालते, आणि साहेबांच्या टेबलावर टिपणी जाते: यंत्र अपुरं पडत आहे.

ही चूक लक्षात आली की माणूस क्वेरीत एसटी_ट्रान्सफॉर्म घालतो, म्हणजे अंशांचे मीटर होतात. हेतू चांगला, पण इंडेक्स मूळ रकान्यावर आहे आणि क्वेरी रूपांतरित रकान्यावर विचारतेय; दोघांची भेटच होत नाही. रूपांतरावरच इंडेक्स बांधायचा, किंवा मीटरमधला वेगळा रकाना ठेवायचा, किंवा जिऑग्राफी हा प्रकार वापरायचा. आणि इथेही आपला भूगोल आडवा येतो. मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीचा ४३ वा पट्टा ७८ अंश रेखांशाला संपतो. मुंबई, पुणे, अमरावती अलीकडे. यवतमाळ, वर्धा, नागपूर पलीकडे. सबंध राज्याला ४३ वा पट्टा लावून टाकणारे बहुधा पुण्यात बसलेले असतात. पूर्व विदर्भाला त्यांनी त्यात कसं बसवलं, याची चौकशी सहसा कुणी करत नाही.

आता ‘व्हॅक्यूम आपोआप होतो’. होतो. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी जागच्या जागी पुसली जात नाही. नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी मृत म्हणून पडून राहते, कारण आधीपासून वाचत बसलेल्या कुणाला ती लागू शकते. ही मढी उचलण्याचं काम ऑटोव्हॅक्यूमचं. पण तो केव्हा उठतो? टेबलातल्या २० टक्के ओळी, अधिक ५०, एवढ्या मेल्या की. दोन कोटी भूखंडांचं टेबल असेल तर ४० लाख मृत ओळी साचेपर्यंत तो स्वस्थ बसतो. पोटहिस्से पडत राहतात, वारसनोंदी होत राहतात, कचरा वाढत राहतो. टेबलापुरतं हे प्रमाण एक टक्क्यावर आणायला एक ओळ लिहावी लागते. ती लिहिलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली.

उलट टोक म्हणजे घंटागाड्यांचं टेबल. समजा ३०० गाड्या आहेत, दर दहा सेकंदांनी प्रत्येकीची जागा बदलते. टेबलात जिवंत ओळी ३००, पण दिवसभरात जन्मलेल्या प्रती २५,९२,०००. जागेच्या रकान्यावर इंडेक्स असल्यामुळे पोस्टग्रेसची स्वस्तातली दुरुस्तीची युक्ती इथे चालत नाही. प्रत्येक प्रतीमागे इंडेक्समध्येही नवी नोंद पडते. एवढं असूनही ऑटोव्हॅक्यूम याला पुरा पडतो, कारण ३०० ओळींना ११० मेल्या तरी त्याला जाग येते. मग बिघडतं कुठे? कुणीतरी सकाळी साडेदहाला एक दुरुस्ती सुरू केलेली असते, कमिट न करता खिडकी उघडी ठेवून ते जेवायला जातं, आणि जेवणानंतर बैठक लागते. ते अर्धवट सत्र जिवंत आहे तोवर त्यानंतर मेलेली एकही प्रत उचलता येत नाही. ऑटोव्हॅक्यूम बिचारा दर मिनिटाला येतो, बघतो आणि रिकाम्या हातानं परत जातो. संध्याकाळी तीनशे गाड्यांचा नकाशा लाखो मढ्यांमधून वाट काढत उघडत असतो. याला किती रॅम पुरेल ते सल्लागारांनी सांगावं. मला विचाराल तर अशा निष्क्रिय सत्रांना वेळेची मर्यादा घालणारी एक सेटिंग आहे, आणि ती फुकट आहे.

कचरा उचलण्याइतकंच महत्त्वाचं दुसरं काम आकडेवारीचं. कुठे किती आकार दाटलेत याचा अंदाज प्लॅनर अ‍ॅनालाइजनं गोळा केलेल्या नमुन्यावरून बांधतो. रात्री दोन वाजता लाखो नवे आकार भरले आणि त्याच स्क्रिप्टच्या पुढच्या ओळीत त्यांवर जोडणी चालवली, तर प्लॅनरकडे कालचंच चित्र असतं. ऑटोव्हॅक्यूमची फेरी व्हायला अजून अवकाश असतो. तात्पुरत्या टेबलांना तर तो हातही लावू शकत नाही, ती सर्वस्वी आपली जबाबदारी. दोन ओळींच्या मध्ये एक अ‍ॅनालाइज टाकला की काम संपलं. काही महाभाग मात्र ‘कामाच्या वेळेत मध्येच येतो’ म्हणून ऑटोव्हॅक्यूम बंद करून ठेवतात. व्यवहार क्रमांकांचा साठा ३२ बिटांचा आहे, तो फिरून पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याचा धोका टाळायला पोस्टग्रेस बंद केलेला व्हॅक्यूमही जबरदस्तीनं चालवतं, आणि तो नेमका गर्दीच्या वेळी येतो. त्याला बाहेर ठेवायला गेलेल्यांच्या घरात तो दार तोडून शिरतो.

रॅमचंच बोलायचं तर तीसुद्धा निष्काळजीपणे वाटता येत नाही. वर्क मेम नावाचा आकडा मूळचा ४ एमबी असतो. नवं यंत्र आल्याच्या आनंदात कुणीतरी तो एक जीबी करतो. हा आकडा सबंध सर्व्हरचा नाही, एका जोडणीचाही नाही. एका क्वेरीतल्या प्रत्येक वर्गीकरणाला तेवढी मुभा मिळते. शंभर जण एकाच वेळी नकाशा उघडून बसले की १०० जीबीची मागणी सहज होऊ शकते. लिनक्स मग एका प्रक्रियेला ठार करतं, आणि तेवढ्यानं पोस्टग्रेस सगळ्यांचीच सत्रं तोडून पुन्हा उभं राहतं. वाढवलेल्या रॅमनं पडलेला सर्व्हर मी पाहिलेला आहे. पुढच्या टिपणीत काय मागितलं होतं हे सांगायला नको.

‘माणूस महाग’ हा युक्तिवाद सर्वांत गोड लागतो, कारण तो हिशेबी वाटतो. मग हिशेबच करू. वरच्या १०० कोटी अंतरांच्या क्वेरीला दुप्पट वेगाचं यंत्र दिलं तर वेळ निम्मा होतो. टपऱ्या दुप्पट झाल्या की पुन्हा पहिल्या जागी. म्हणजे तुम्ही चूक विकत घेतलेली नाही, तिचा हप्ता बांधून घेतलाय. एका माणसाच्या एका दिवसानं तीच क्वेरी सुधारते आणि टपऱ्या दहापट झाल्या तरी कुरकुरत नाही. जमीन मोजणाऱ्या आपल्या जुन्या लोकांना हे कळत होतं. त्यांची ३३ फुटी साखळी वापरून वापरून ताणली जायची. म्हणून ती वेळोवेळी प्रमाणाशी ताडून पाहावी लागे. मोजणी चुकतेय म्हणून लांब साखळी मागवा, असं त्यांच्यातलं कुणी म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

इतकं सगळं ऐकून सल्लागार हसतील आणि त्यांचा हुकमाचा पत्ता काढतील: आम्ही अमुक ठिकाणी सर्व्हर बदलला आणि वेग कित्येक पटींनी वाढला, हे डोळ्यांनी पाहिलंय. मीही पाहिलंय. पण त्या दिवशी नेमकं काय काय बदललं ते आठवा. जुन्या यंत्रावरून डम्प काढला, नव्यावर रिस्टोअर केला. डम्पमध्ये फक्त जिवंत ओळी येतात. साधा व्हॅक्यूम मढी उचलतो, जागा पुन्हा वापरायला मोकळी करतो, पण फुगलेली फाइल सहसा लहान करत नाही. वर्षानुवर्षं फुगलेली टेबलं रिस्टोअरमध्ये मात्र पहिल्यांदा सडपातळ होतात. प्रत्येक इंडेक्स शून्यातून नवा बांधला जातो. नंतर कुणीतरी शहाणपणानं अ‍ॅनालाइज चालवतो. म्हणजे इतकी वर्षं टाळलेली सगळी देखभाल त्या एका रात्रीत नकळत उरकली, आणि सकाळी श्रेय यंत्राला मिळालं. तोच डम्प जुन्याच यंत्रावर रिस्टोअर करून पाहिला असता तर किती फरक यंत्राचा आणि किती झाडलोटीचा, हे कळलं असतं. तसं करून पाहिलेलं एकही कार्यालय मला अजून भेटलेलं नाही. जुनं यंत्र तोवर निर्लेखित होऊन भंगाराच्या खोलीत गेलेलं असतं.

म्हणून सल्लागारांकडे माझी एकच मागणी आहे. पुढच्या वेळी सर्व्हरच्या टिपणीला सहपत्र म्हणून एक कागद जोडा: सर्वांत मंद पाच क्वेरींचा एक्सप्लेन अ‍ॅनालाइज, बफर्ससकट. त्यात प्लॅनरनं अंदाजलेल्या ओळी आणि प्रत्यक्ष मिळालेल्या ओळी शेजारीशेजारी छापून येतात, किती पानं स्मृतीतून आली आणि किती बाहेरून आणावी लागली तेही येतं. अंदाज आणि वास्तव जुळत असतील, चौकटी घट्ट असतील, टेबलं फुगलेली नसतील आणि तरीही पानं दर वेळी बाहेरून आणावी लागत असतील, तर रॅम खरंच कमी आहे. खरेदीच्या त्या कागदावर मी स्वतः सही करीन.